कागदापुरता नकार : परीक्षेच्या काळात विश्वासात स्थिर कसे राहावे?

नगरकरीण :
सर्वांना सलाम. मी बरीच वर्षे येथे केवळ वाचक आहे. आज घरात कोणाशी बोलता येत नाही, म्हणून लिहीत आहे.

आमचे घराणे नगर जिल्ह्यातले. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून आम्ही ख्रिस्ती आहोत. गेल्या दिवाळीनंतर माझ्या पतीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते. ते एका कारखान्यात कंत्राटावर होते, त्यामुळे दोन महिन्यांत कामही गेले. उपचार शासकीय योजनेतून होतात, पण येण्याजाण्याचा खर्च, बाहेरची औषधे आणि घर हे सगळे माझ्या शिवणकामावर चालते. मुलगी यंदा बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, सीईटीतही बरे गुण मिळाले, आणि तिला संगणक अभियांत्रिकीला जायचे आहे.

मागच्या रविवारी आम्ही उपासनेहून परतलो, तेव्हा पतीच्या जुन्या ओळखीचे एक गृहस्थ दारातच उभे होते. त्यांच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये सासऱ्यांच्या चुलत आजोबांच्या शाळेतील नोंदीची छायाप्रत होती. हे चुलत आजोबा ख्रिस्ती झाले नव्हते, त्यामुळे नोंदीत धर्म आणि जात दोन्ही जुनेच आहेत. गृहस्थ म्हणाले, "या नोंदीवरून मुलीला अनुसूचित जातीचा दाखला काढून देतो. फी माफ होईल, वसतिगृह मिळेल, शिष्यवृत्ती मिळेल. धर्माच्या रकान्यात तेवढे हिंदू लिहायचे. रविवारी चर्चला जायला तुम्हाला कोण अडवतो आहे?" चहा पिता पिता त्यांनी त्या रकान्यात हलक्या हाताने पेन्सिलीने 'हिंदू' असे लिहिले, "पटले तर यावर पेन फिरवा" असे सांगितले आणि अर्ज टेबलावर ठेवून ते निघून गेले.

तो अर्ज पाच दिवस माझ्या शिलाई मशीनच्या खणात आहे. दोरा काढायला खण उघडला की तोच आधी दिसतो. पती म्हणतात, "मी मेलो तर पोरीचे काय, एवढेच बघ." सासूबाईंना मी सांगितलेलेच नाही. माझा प्रश्न असा आहे की, हा विश्वासाचा नकार आहे की केवळ कागद आहे? आणि नकार असेल, तर अशा दिवसांत माणसाने ठाम राहायचे ते नेमके कशाच्या बळावर?

साधा_माणूस :
ताई, आधी तो अर्ज मशीनच्या खणातून काढून दुसरीकडे ठेवा. रोज बघितल्याने तो मोठा होत जातो.

तर्कट :
मी श्रद्धाळू नाही, तरीही लिहितो. ज्या जातीमुळे तुमच्या पूर्वजांना गावच्या विहिरीवर पाणी मिळाले नाही, ती जात बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली गेली असे समाजाने मानले का? तुमच्या समाजात लग्न ठरवताना मूळ जात कोणीच विचारत नाही, असे छातीवर हात ठेवून सांगता येईल का? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींच्या सवलती केवळ हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या; पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या; ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. म्हणजे अन्याय राज्याने केला आहे. अन्यायी रकान्यात खोटा शब्द लिहिण्याला मी पाप म्हणणार नाही.

वकीलकाका :
तर्कट यांनी सांगितलेला इतिहास बरोबर आहे. सल्ला मात्र धोक्याचा आहे. महाराष्ट्रात जात पडताळणीचा २००० चा स्वतंत्र कायदा आहे. दाखला खोटा ठरला तर प्रवेश रद्द होतो, घेतलेले लाभ वसूल होतात, मिळवलेली पदवीही जाऊ शकते, आणि शिक्षेत तुरुंगवासाचीही तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटले आहे की, जी व्यक्ती प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म आचरते, तिला केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही. तुमची मुलगी तिसऱ्या वर्षाला असताना तिचा बाप्तिस्म्याचा दाखला कोणी समितीपुढे ठेवला, तर हे गृहस्थ फोन उचलणार नाहीत.

नगरकरीण :
वकीलकाका, आभारी आहे. हे मला ठाऊक नव्हते. पण मनापासून सांगते, पकडले जाण्याची भीती वाटली म्हणून मी नाही म्हटले, तर ते नाही म्हणणे विश्वासाचे होईल का?

साधा_माणूस :
होईल की. भीतीनेही माणूस चांगला वागतो. आमच्या वडिलांच्या भीतीनेच मी सातवीपर्यंत नियमित प्रार्थना केली.

निवृत्त_पाळक :
बहीण, आपण विचारलेला प्रश्न ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात पावणेअठराशे वर्षांपूर्वी जवळजवळ याच शब्दांत विचारला गेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इसवी सन २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेसियस याने फर्मान काढले की, साम्राज्यातील प्रत्येकाने देवतांना अर्पण करावे, अर्पणातील मांस चाखावे आणि तसे केल्याचा दाखला स्थानिक अधिकाऱ्यांकडून घ्यावा. इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेले असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. त्यांचा मजकूर सरकारी अर्जासारखा ठरावीक आहे : नाव, गाव, 'मी नेहमीच देवतांना अर्पण करीत आलो आहे आणि आताही आपल्यासमोर केले आहे', खाली सही आणि तारीख. एका बहात्तर वर्षांच्या अर्जदाराच्या उजव्या भुवईवरचा व्रणसुद्धा ओळखखूण म्हणून नोंदलेला आहे.

त्या वेळी ख्रिस्ती लोकांचे तीन गट पडले. काहींनी नकार दिला आणि ते तुरुंगात गेले किंवा मेले. काहींनी अर्पण केले. तिसरा गट आपल्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे : या लोकांनी अर्पण केले नाही, पण पैसे देऊन दाखला मात्र मिळवला. त्यांचे म्हणणे होते की आम्ही धूप जाळला नाही, गुडघा टेकला नाही, हा केवळ कागद आहे.

छळ थांबल्यावर त्यांचे काय करायचे, यावर मंडळी फुटण्याची वेळ आली. रोममध्ये नोवाटियन नावाचा वडील म्हणत होता की यांना पुन्हा कधीही आत घेऊ नये. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने २५१ मध्ये सभा भरवली. तेथे ठरले की, दाखला विकत घेणे हाही नकारच आहे, त्याला केवळ कागद म्हणता येणार नाही. मात्र ज्याने मुलाबाळांना वाचवण्यासाठी तो घेतला आणि ज्याने धावत जाऊन प्रत्यक्ष अर्पण केले, त्या दोघांना एका मापाने मोजू नये. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी पाहावी आणि पश्चात्ताप करणाऱ्याला परत घ्यावे. हे ठरवणारा सिप्रियन स्वतः छळाच्या काळात लपून राहिला होता, आणि त्याबद्दल त्याला पुष्कळ बोल लागले होते. पुढच्या छळात, २५८ च्या सप्टेंबरमध्ये, तो लपला नाही आणि त्याचा शिरच्छेद झाला. एकदा मागे सरलेला माणूस पुढच्या वेळी उभा राहू शकतो, हे मी त्याच्याकडे पाहून शिकलो.

आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर तेच आहे. तो नकार आहे. परंतु आपण त्यावर पेन फिरवलेले नाही, आणि फिरवले असते तरी आमच्या दाराला आतून कडी घातली गेली नसती.

तर्कट :
म्हणजे दाखल्याचे एजंट तेव्हाही होतेच.

निवृत्त_पाळक :
होते, आणि त्यांचा दरही परिस्थिती पाहूनच ठरत असावा.

वसईचा_शेतकरी :
पाळकसाहेबांचे वाचून आमच्या गोन्सालो गार्सियाची आठवण झाली. वसईत जन्मलेला हा मुलगा पुढे जपानला गेला, व्यापारी झाला, मग फ्रान्सिस्कन संघात बंधू झाला. जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे तो दुभाष्याचे काम करी. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रूसावर चढवले, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला संत घोषित केले गेले. आमच्या मुलांना आम्ही एवढेच सांगतो आणि थांबतो.

खरी गोष्ट पुढे आहे. १६१४ नंतर जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. संशयितांसमोर ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवत आणि तिच्यावर पाय देण्यास सांगत. पाय देणार नाही, तो ख्रिस्ती. हजारो लोकांनी पाय दिला, आणि घरी येऊन दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. एकही फादर नसताना त्यांनी आपला विश्वास मुलांना, नातवंडांना दिला. १८६५ च्या मार्चमध्ये नागासाकीच्या ओउरा येथील नव्या चर्चमध्ये काही गावकरी आले आणि फ्रेंच फादरांना हळूच म्हणाले की तुमचे मन तेच आमचे मन आहे. अडीचशे वर्षे! आता सांगा, पाय देणाऱ्यांना आपण काय म्हणायचे? आमचा गोन्सालो संत आहे यात शंकाच नाही. पण ज्यांच्यामुळे तो विश्वास तेथे उरला, त्यांनी दर वर्षी त्या प्रतिमेवर पाय दिला होता. त्यामुळे मला पाळकसाहेबांइतके ठामपणे बोलवत नाही.

निवृत्त_पाळक :
आपला आक्षेप रास्त आहे. एक फरक मात्र दाखवतो. त्यांच्यापुढे मृत्यू होता. या बहिणीपुढे सवलत आहे. आणि घरी येऊन ते पश्चात्ताप करीत होते, 'हे चालते' असे मुलांना शिकवीत नव्हते.

वसईचा_शेतकरी :
मान्य. पण ज्या घरात डायलिसिस चालू आहे, तेथे 'सवलत' हा शब्द फार लहान वाटतो, साहेब.

निवृत्त_पाळक :
हेही मान्य. मी तो शब्द मागे घेतो.

शब्दवेडी :
थोडे विषयांतर वाटेल, पण मला ते येथलेच वाटते. आम्ही प्रॉटेस्टंट लोक प्रभूच्या प्रार्थनेत "आम्हांला परीक्षेत आणू नको" असे म्हणतो. माझे सासर कॅथलिक आहे, तेथे "मोहात पडू देऊ नकोस" असे म्हणतात. मूळ ग्रीक शब्द 'पेइरास्मोस' हा एकच. त्यात संकटाने होणारी पारख आणि पापाकडे ओढणारे आमिष असे दोन्ही अर्थ राहतात. मराठीत आपल्याला त्याचे दोन तुकडे करावे लागले, आणि त्यामुळे आपण असे समजू लागलो की आजारपण ही परीक्षा आणि लाच हा मोह, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

नगरकरीण यांच्या घरात दोन्ही एकाच दारातून आले आहेत. पतीचे आजारपण नसते तर त्या गृहस्थांना दारातच नाही म्हटले गेले असते. मत्तयाच्या चौथ्या अध्यायातही सैतान येशूकडे चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भूक लागल्यावर येतो, आणि पहिली गोष्ट भाकरीचीच काढतो. भाकरी ही काही वाईट वस्तू नव्हे. मुलीचे शिक्षणही नव्हे.

साधा_माणूस :
परीक्षेत आणू नको, ही प्रार्थना मी दहावीपासून अक्षरशः त्याच अर्थाने करीत आलो. देवाने गणितापुरती ऐकली नाही.

वसईचा_शेतकरी :
वाक्य पुढे कसे म्हणायचे यावर तर रोममध्येही चर्चा झाली. देव माणसाला मोहात 'नेतो' असे वाटू नये म्हणून इटालियन प्रार्थनेतील ते शब्द २०२० मध्ये बदलले गेले. आमच्या आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "मेलो मोह चालतच येतो, देवाला कशाला न्यायला लागतो?"

आमच्याकडे तो जमिनीच्या रूपाने आला. नव्वदच्या दशकात वाडीतल्या विहिरीचे पाणी टँकरवाल्यांना विकले की घरबसल्या पैसे मिळत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी तेव्हा पाणी आणि जमीन वाचवा म्हणून गावोगाव सांगत होते, त्यांना धमक्या येत होत्या, आणि आमच्याच लोकांतले काही जण मिस्साला पुढच्या बाकावर बसून संध्याकाळी दलालाबरोबर नकाशा उलगडत होते. मी त्यांत होतो. अर्धा एकर केळीची बाग मी विकली. कोणी बंदूक रोखली नव्हती, घरात आजारपण नव्हते. त्यामुळे नगरकरीण ताईंना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच लिहायला हवे होते.

दमलेली_परिचारिका :
मी आखातात परिचारिका आहे. रात्रपाळीत हा धागा वाचत होते आणि दुसरा प्रश्न सगळ्यांनी बाजूला ठेवला आहे असे वाटले : ठाम राहायचे कशाच्या बळावर?

सहा वर्षांपूर्वी माझा नऊ वर्षांचा मुलगा मेंदूज्वराने गेला. अकरा दिवस तो अतिदक्षता विभागात होता. त्या दिवसांत आमच्या नात्यातल्या एकांनी एका प्रार्थनासभेच्या प्रचारकांना घरी आणले. त्यांनी तेल लावले, मोठ्या आवाजात प्रार्थना केली, दानाचे पाकीट घेतले, आणि मुलगा गेल्यावर निरोप पाठवला की घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडला. त्या निरोपानंतर मी चार महिने प्रार्थना केली नाही. देव नाही असे मला वाटले नव्हते. तो आहे आणि मी त्याच्याशी बोलणार नाही, असे वाटत होते.

त्या काळात आमच्या मजल्यावरच्या मिरजेच्या एक बाई रोज रात्री नऊ वाजता येत. 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक घेऊन सोफ्याच्या टोकाला बसत, दोन गीते म्हणत, एक स्तोत्र वाचत आणि चहाचे कप विसळून ठेवून जात. त्यांनी मला एकदाही 'तुम्ही पण म्हणा' असे म्हटले नाही. एका रात्री त्यांनी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचले. ते शेवटपर्यंत अंधारातच राहते, इतर स्तोत्रांप्रमाणे शेवटी स्तुतीकडे वळत नाही. मी विचारले, हे असे कसे संपले? त्या म्हणाल्या, "ज्याने लिहिले त्याचे तेवढेच झाले होते त्या दिवशी." दुसऱ्या दिवशी मी गीताची दुसरी ओळ म्हटली. पहिली त्यांनीच म्हटली होती.

माझ्या अंगात विश्वास होता म्हणून मी टिकले, असे मला म्हणता येत नाही. चार महिने माझा विश्वास दुसऱ्या बाईच्या घशात होता. नगरकरीण, तुम्ही सासूबाईंना सांगितलेले नाही, पाळकांनाही सांगितलेले दिसत नाही. एकट्याने ठाम राहण्याचा हा जो प्रयत्न चालला आहे, तो आधी सोडा.

तर्कट :
परिचारिका ताई, मी या धाग्यावर वाद घालायला आलो होतो. तुमचे वाचून थोडा वेळ थांबतो.

वारीकर :
मी ख्रिस्ती नाही, माळकरी आहे. एक प्रश्न विचारतो, राग नसावा. आपल्याकडील मोठ्या माणसांचे दाखले नेहमी ठामपणाचेच दिले जातात. रेव्हरंड नारायण वामन टिळक स्वतः म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मग असे पूल ओलांडणाऱ्याला 'डळमळला' म्हणायचे की 'ठाम' म्हणायचे?

शब्दवेडी :
राग कसला, फार चांगला प्रश्न आहे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० मध्ये. मधल्या काळात नातेवाइकांनी बाईंना माहेरी-पंढरपुरी ठेवले, लोक नाही नाही ते बोलले, आणि नवऱ्यावर जीव असूनही त्यांनी केवळ तो ख्रिस्ती झाला म्हणून आपला धर्म सोडला नाही. त्यांना स्वतःला पटले तेव्हाच त्या आल्या. मला तर वाटते की लक्ष्मीबाई दोन्ही धर्मांत ठाम होत्या. त्या पहिल्याच दिवशी नवऱ्यामागे निघाल्या असत्या, तर ते सोयीचे झाले असते. त्याला विश्वास म्हणता आले नसते.

टिळकांचेही तसेच. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. विश्वासात ठाम राहायचे म्हणजे संस्थेला चिकटून राहायचे, असे त्यांनी मानले नाही.

निवृत्त_पाळक :
पंडिता रमाबाईंचे नाव अजून कोणी काढले नाही, याचे आश्चर्य वाटते. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये लग्नाला दोन वर्षे होण्याच्या आत पती कॉलऱ्याने गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर तेथील सिस्टरांशी त्यांचे धर्ममतांवरून खटके उडाले, कारण 'सांगतो म्हणून मान' हे त्यांना जमत नव्हते. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होत असल्याची ओरड पुण्यात झाली, पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागारांनी राजीनामे दिले. दोन्ही बाजूंनी दगड आले. केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले ते त्यानंतरच्या दुष्काळांत.

पण मला नेहमी आठवते ते शेवटचे वर्ष. जुलै १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. ज्या मुलीवर सगळा भार सोपवायचा होता, तीच गेली. त्यानंतर रमाबाई नऊ महिनेही जगल्या नाहीत, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. तेवढ्या काळात त्या सोप्या मराठीतल्या बायबल भाषांतराची मुद्रिते तपासत होत्या. आपले दुःख त्यांनी कसे सोसले हे मला ठाऊक नाही. खिळे जुळवणाऱ्या मुली छापखान्यात वाट पाहत होत्या, एवढे ठाऊक आहे. परिचारिका ताईंच्या शेजारणीने कप विसळून ठेवले, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

साधा_माणूस :
साहेब, या धाग्यावर 'जात' शब्द जपून वापरा.

निवृत्त_पाळक :
सुधारतो. त्याच प्रकारची.

नवा_सभासद_४१ :
त्या गृहस्थांचा नंबर मिळेल का? मुलासाठी हवा होता.

संपादक :
वरील प्रतिसाद तसाच ठेवत आहोत, म्हणजे मोह चालत येतो हे आजीचे म्हणणे खरे ठरेल. नंबर मात्र येथे दिला जाणार नाही. पुन्हा मागितल्यास प्रतिसाद काढून टाकला जाईल.

फीचा_हिशेब :
मी एका महाविद्यालयाच्या प्रवेश विभागात काम करतो. पाच दिवस सगळे परीक्षा आणि मोह यांवर लिहीत आहेत, आणि प्रत्यक्ष फीबद्दल कोणीच विचारलेले नाही, म्हणून लिहितो.

खुल्या प्रवर्गातील कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी असेल आणि बाकीच्या अटी पूर्ण होत असतील, तर आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मिळतो. त्यात धर्माची अट नाही. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतूनच घ्यावा लागतो. संस्थेच्या कोट्यातून घेतल्यास माफी मिळत नाही. आपले कुटुंब इतर मागास वर्गाच्या यादीत बसते का, हेही समाजकल्याण कार्यालयात आधी विचारून घ्या, कारण जे त्यात बसतात त्यांना आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मिळत नाही. फी मात्र दोन्ही मार्गांनी माफ होते. ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्थांत अल्पसंख्याकांसाठी वेगळ्या जागा असतात, तेथे तर तुमचा बाप्तिस्म्याचा दाखलाच कामाला येईल.

वसतिगृह आणि जेवणाचा खर्च यातून सुटत नाही. जवळचे महाविद्यालय निवडले तर तोही पुष्कळ कमी होतो.

वकीलकाका :
हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवे होते. शिक्षेची कलमे आठवली आणि सवलतीची आठवली नाहीत, हा आमच्या व्यवसायाचा दोष समजा.

शब्दवेडी :
करिंथकरांस पहिल्या पत्रात, दहाव्या अध्यायात म्हटले आहे की देव परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही करील. तो उपाय 'फीचा_हिशेब' या नावाने येईल, असे पौलालाही वाटले नसेल.

तर्कट :
परत आलो. उपाय निघाला याचा आनंद आहे, पण तो निघाला नसता तर? १९५० चा आदेश तसाच आहे. प्रत्येक घराला असा हिशेब सापडत नाही. ज्यांना सापडत नाही, त्यांना 'ठाम राहा' असे सांगणाऱ्या मंडळींनी त्यांच्या मुलांची वर्गणी काढली पाहिजे, नाहीतर गप्प बसले पाहिजे.

निवृत्त_पाळक :
तर्कट, या धाग्यावरचा मंडळीसाठीचा सर्वांत कडक उपदेश आपण केला आहे. मी तो रविवारी आपले नाव न घेता वापरणार आहे.

दमलेली_परिचारिका :
मी आणि माझी शेजारीण मिळून पहिल्या वर्षाच्या बसभाड्याचे बघतो. संपादकांनी नगरकरीण यांना माझा पत्ता खाजगीत द्यावा. येथे यावर चर्चा नको.

नगरकरीण :
तीन दिवस लिहिता आले नाही, क्षमा असावी. सगळे प्रतिसाद आधी मी एकटीने वाचले आणि मग परवा रात्री सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांना आता अंधुकच दिसते. डेसियसच्या दाखल्याचे त्यांनी मला दोनदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "अर्ज आण." मी आणला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून पेन्सिलीचे अक्षर शोधले आणि विचारले, "पोरीला विचारलेस का?"

मुलीला मी विचारलेच नव्हते. तिला सगळे आधीच ठाऊक होते. दोरा काढायला तीही खण उघडते. ती संडे स्कूलच्या लहान वर्गाला शिकवते. ती म्हणाली, "आई, मी या महिन्यात मुलांना दहा आज्ञा पाठ करून घेते आहे. आम्ही सातव्या आज्ञेपर्यंत आलो आहोत. नववी आज्ञा खोटी साक्ष देऊ नको ही. तिच्या रविवारी मी काय करायचे, एवढेच मला कळत नव्हते." पती भिंतीकडे तोंड करून पडले होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "खोडरबर दे तिला." त्यांना पूर्ण पटले आहे असे मला वाटत नाही. त्यांची भीती खरी आहे आणि ती माझ्याही पोटात आहे.

काल ते गृहस्थ अर्ज घ्यायला आले. तो कोराच परत दिला. त्यांनी उजेडात धरून पाहिले, 'हिंदू'चा ठसा अजून उमटलेला दिसत होता. "विचार करा, अजून वेळ आहे," असे म्हणून, चहा घेऊनच ते गेले. ते पुन्हा येतील, असे मला वाटते.

आज तहसील कार्यालयात गेले होते. इतर मागास वर्गाचे विचारले, तर त्यांनी समाजकल्याणला पाठवले. तेथले साहेब सोमवारी येतील. उत्पन्नाचा दाखला तोपर्यंत काढून ठेवावा का?

फीचा_हिशेब :
हो, तो दोन्हीकडे लागतो. रेशनकार्ड आणि पतीचे काम सुटल्याचे काही पत्र असेल तर बरोबर ठेवा. मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म आणि जात काय लिहिले आहे, ते आजच पाहून ठेवा. कॅपची तारीख चुकवू नका. दाखला हाती आला नसेल तर अर्ज केल्याची पावती चालते का, हे अर्ज तपासणी केंद्रावर विचारा.

वसईचा_शेतकरी :
मुलीला माझा सलाम सांगा. एक शंका : खोट्या साक्षीची आज्ञा आमच्याकडे, म्हणजे कॅथलिकांत, आठवी आहे. आमच्यात आली असती तर तिला एक आठवडा आधी ठरवावे लागले असते.

नगरकरीण :
सासूबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणतात, वसईवाल्यांची मोजणी आधीपासून वेगळीच आहे.

निवृत्त_पाळक :
बहीण, मी नगरातच असतो, हे सांगायचे राहिले. डायलिसिस कोणत्या वारी आणि किती वाजता असते? तुम्ही सोमवारी कार्यालयात जा, मी त्यांच्याजवळ बसतो.

नगरकरीण :
सोमवार आणि गुरुवार, सकाळी सातला. साहेब, ते सध्या फारसे बोलत नाहीत.

निवृत्त_पाळक :
हरकत नाही. मी वर्तमानपत्र घेऊन येईन.